‘ऑक’ म्हणजे हो : ऑक्सितान भाषेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी फ्रेंच शिकतो आहे. ऑक्सितान ही दक्षिण फ्रान्समधली फ्रेंचचीच एक बोली आहे, असं वर्गात सांगितलं गेलं. ते बरोबर आहे का?

नाही. ऑक्सितान आणि फ्रेंच या दोन्ही भाषा लॅटिनपासून आपापल्या वाटेने घडल्या. एकीतून दुसरी निघालेली नाही.

वाटा वेगळ्या होण्याची दोन मोठी कारणं आहेत. भूमध्य समुद्राकाठचा दक्षिण गॉल (गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) रोमनांनी आधी घेतला. नार्बोनची वसाहत इ. स. पूर्व ११८ मधली. उत्तरेकडचा गॉल सीझरने जिंकला तो त्यानंतर साठेक वर्षांनी. त्यामुळे दक्षिणेत लॅटिन लवकर रुजली आणि खोल मुरली. पुढे पाचव्या शतकापासून उत्तरेत फ्रँक लोकांची सत्ता आणि वस्ती वाढली. त्यांच्या जर्मानिक भाषेचा तिथल्या लॅटिनवर मोठा परिणाम झाला आणि शब्द झिजत गेले. दक्षिणेत ही झीज फार कमी झाली.

कानाने पडताळून पाहा. मिठाला लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणत, ऑक्सितानमध्ये आजही ‘साल’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘सेल’. शेळी लॅटिनमध्ये ‘काप्रा’, ऑक्सितानमध्ये ‘काब्रॉ’, फ्रेंचमध्ये ‘शेव्र’. पिकलेल्या फळासाठीचा शब्द लॅटिनमध्ये ‘मातुरुस’, ऑक्सितानमध्ये ‘माद्यूर’, फ्रेंचमध्ये ‘म्यूर’. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘त’ ऑक्सितानमध्ये ‘द’ झाला आणि फ्रेंचमध्ये पार गळून गेला. हा नियम शेकडो शब्दांना लागू पडतो.

क्रियापदांत तर फरक आणखी उघड दिसतो. फ्रेंचमध्ये ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘तो बोलतो’, ‘ते बोलतात’ या चारही रूपांचा उच्चार ‘पार्ल’ असाच होतो, म्हणून सर्वनाम लावल्याशिवाय गत्यंतर नसतं. ऑक्सितानमध्ये अनुक्रमे ‘पार्ली’, ‘पार्लॉस’, ‘पार्लॉ’, ‘पार्लॉन’. शेवट ऐकला की कोण बोलतंय ते कळतं. मराठीत ‘बोलतोस का?’ विचारताना ‘तू’ लावावा लागत नाही, तसंच हे.

ऑक्सितानची सगळ्यात जवळची बहीण फ्रेंच नव्हेच. ती ईशान्य स्पेनमधली कॅटलान.

प्रश्न : ऑक्सितान, प्रोव्हांसाल, लांगदॉक, पत्वा अशी वेगवेगळी नावं वाचनात येतात. या सगळ्या एकच भाषा आहेत का?

नावांचा गुंता खरोखरच मोठा आहे, त्यामुळे एकेक नाव सुटं करून पाहू.

‘होय’ या अर्थी इथे ‘ऑक’ म्हणतात. लॅटिनमधल्या ‘होक’पासून, म्हणजे ‘हे’ या शब्दापासून तो आला. उत्तर फ्रान्समध्ये त्याच ‘होक’ला ‘इल्ले’ जोडून ‘ऑईल’ झालं, तेच आजचं फ्रेंच ‘वी’. इटलीत ‘सी’. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी दान्तेने भाषांवरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात होकाराच्या या तीन शब्दांवरून तीन भाषा वेगळ्या दाखवल्या. ‘लेंगॉ द’ऑक’ म्हणजे ऑकवाली भाषा. पुढे तेच नाव एका प्रांताला चिकटलं आणि तो लांगदॉक प्रांत झाला.

‘प्रोव्हांसाल’ हे मध्ययुगात बऱ्याचदा संपूर्ण भाषेचं नाव असे. आज त्याचा अर्थ फक्त प्रोव्हाँसची बोली. जुन्या ग्रंथात ‘प्रोव्हांसाल कवी’ असं वाचलं तर तो कवी प्रोव्हाँसचाच असेल असं धरू नका. तो लिमूझँचा किंवा गास्कोनीचाही असू शकतो.

‘पत्वा’ हे भाषेचं नावच नाही. शहाण्यांच्या भाषेपुढची गावंढळ बोली, असा हिणवणारा तो फ्रेंच शब्द आहे. दुःख असं, की अनेक म्हातारी माणसं आजही आपल्या मातृभाषेला हाच शब्द वापरतात, कारण तिचं दुसरं नाव त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आणखी एक गोंधळ नवा आहे. २०१६ पासून फ्रान्समध्ये ‘ऑक्सितानी’ नावाचा प्रशासकीय प्रदेश आहे. भाषेचा मुलूख त्याच्याहून कितीतरी मोठा : प्रोव्हाँस, लिमूझँ, गास्कोनीचा बराचसा भाग आणि ऑव्हेर्नचा मोठा भाग त्या प्रदेशाबाहेर आहेत. उलट त्याच प्रदेशातल्या पेरपिन्याँच्या परिसराची परंपरागत भाषा कॅटलान आहे.

सहा मुख्य बोली मानतात : लेंगदोसियान, प्रोव्हांसाल, गास्कोन, लिमूझिन, ऑव्हेर्न्या आणि आल्प्सकडची व्हिव्हारो-आल्पाइन. नकाशावर आडवी रेघ मारायची तर ‘गाणे’ हे क्रियापद घ्या. दक्षिणेकडच्या बोलींत ते ‘क’ने सुरू होतं, उत्तरेकडच्या तिन्ही बोलींत ‘च’ने.

प्रश्न : ट्रूबादूर म्हणजे मध्ययुगातल्या दरबारी गीतकार कवींची भाषा एके काळी युरोपभर गाजत होती. मग ती मागे कशी पडली? धर्मयुद्धाने ती संपवली असं म्हणतात.

धर्मयुद्धाने ती संपवली हे अर्धसत्य आहे, आणि ते इतक्या वेळा सांगितलं जातं की थोडं सविस्तर लिहायला हवं.

आधी वैभवाबद्दल. ज्याच्या रचना हाती आल्या असा पहिला ट्रूबादूर म्हणजे अ‍ॅक्विटेनचा ड्यूक नववा गिल्हेम (१०७१–११२६). त्याच्यापासून तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या सुमारे अडीच हजार रचना उरल्या आहेत. चाली मात्र त्यांतल्या जेमतेम दहा टक्क्यांच्या. स्त्रियाही रचना करत. त्यांना ‘त्रोबाइरित्स’ म्हणत. त्यांच्यापैकी फक्त दीयाच्या काउंटेसची एक रचना चालीसकट टिकली. इ. स. १२०० च्या सुमारास कॅटलोनियाच्या रायमोन व्हिदालने ही भाषा शिकू पाहणाऱ्या कवींसाठी व्याकरणाचं छोटं पुस्तक लिहिलं. लॅटिनच्या लेकींपैकी कुणाचंही इतकं जुनं व्याकरण नाही. आणि दान्तेने ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या शुद्धिलोकात आर्नॉ दानिएल या ट्रूबादूरला भेटवलं, तेव्हा त्याच्या तोंडी आठ ओळी ऑक्सितानमध्येच ठेवल्या. इटालियन काव्यात मध्येच परकी भाषा, आणि तिचं भाषांतर न देता! त्या काळी ऑक्सितानचा मान काय होता हे त्या आठ ओळी सांगतात.

आता युद्ध. चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार या ख्रिस्ती पंथाविरुद्धचं धर्मयुद्ध १२०९ ला बेझिए शहरातल्या कत्तलीने सुरू झालं आणि १२२९ च्या पॅरिस तहाने थांबलं. १२७१ मध्ये दक्षिणेतलं तुलूझ थेट फ्रेंच राजाकडे गेलं. याने दरबार मोडले, कवींचे आश्रयदाते गेले. पण लोकांची भाषा बदलली नाही, आणि कचेऱ्यांचीही नाही. तेराव्या-चौदाव्या शतकांतले नगरपालिकांचे ठराव, जमाखर्च, करार ऑक्सितानमध्ये भरपूर सापडतात. १३२३ मध्ये तुलूझच्या सात नागरिकांनी काव्यस्पर्धा सुरू केली, तिच्यासाठी नियमांचा मोठा ग्रंथही तयार झाला. मेलेल्या भाषेत असं घडत नाही.

खरा घाव हळूहळू बसला. पंधराव्या शतकापासून वरची न्यायालयं फ्रेंचमध्ये चालू लागली; वकिली आणि सरकारी नोकरी करायची तर फ्रेंच हवीच. १५३९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने व्हिलेर-कॉत्रे इथून हुकूम काढला, की न्यायालयाचे कागद ‘मातृभाषा फ्रेंच’मध्येच व्हावेत. लॅटिन हटवणं हा मुख्य उद्देश होता, पण ऑक्सितानही त्यात गेली. सुशिक्षितांनी लिहिण्याची भाषा बदलली. बोलण्याची नाही.

पुढे अडीचशे वर्षांनीसुद्धा चित्र काय होतं पाहा. क्रांतीच्या काळात ग्रेग्वार या धर्मगुरूने देशभर प्रश्नावली पाठवली आणि १७९४ मध्ये अहवाल मांडला : किमान ६० लाख फ्रेंच नागरिकांना फ्रेंच येत नाही, साधारण तेवढ्यांनाच त्या भाषेत सलग संभाषण जमत नाही, आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांपेक्षा जास्त नाहीत. अहवालाच्या शीर्षकातच ‘पत्वा’ नष्ट करण्याची गरज आणि उपाय असे शब्द होते.

उपाय हाती आला तो १८८१-८२ च्या कायद्यांनी, जेव्हा प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. अनेक शाळांत ‘खूण’ नावाची पद्धत होती. सकाळी पहिलं जे मूल ‘पत्वा’ बोलताना सापडे, त्याच्या हाती लाकडाचा तुकडा किंवा तसलीच एखादी वस्तू दिली जाई. ती उतरवायचा एकच मार्ग : दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचं आणि ती त्याच्या गळ्यात मारायची. शाळा सुटताना ज्याच्याकडे खूण उरे त्याला शिक्षा. गुरुजींना लक्ष ठेवावंच लागत नसे. मुलंच एकमेकांवर पाळत ठेवत. आणि हे मैदानावर, खेळताना, म्हणजे जिथे भाषा सर्वांत मोकळी असते तिथे चाले.

या सगळ्यातून जे उरलं त्याला ऑक्सितानमध्ये ‘बेर्गुन्यॉ’ म्हणतात, म्हणजे लाज. त्या मुलांनी मोठं झाल्यावर आपसात ऑक्सितान चालू ठेवली, पण स्वतःच्या लेकरांशी फ्रेंच बोलायला सुरुवात केली. सक्तीची लष्करभरती, पहिलं महायुद्ध, शहरातल्या नोकऱ्या यांनी वेग वाढवला. तरी मुख्य तुटला तो आईबाप आणि मूल यांच्यामधला दुवा. दोन युद्धांच्या मधल्या काळापासून बहुतेक घरांत हे घडत गेलं.

प्रश्न : आज ही भाषा नक्की किती लोक बोलतात? कुठे एक लाख वाचलं, कुठे काही दशलक्ष.

आकडे एवढे पसरतात कारण ‘बोलणारा’ कुणाला म्हणायचं ते प्रत्येकजण वेगळं ठरवतो. आजोबांचं बोलणं कळतं पण स्वतःला वाक्य जुळवता येत नाही, अशा माणसाला धरलं की आकडा लगेच फुगतो.

ऑक्सितान भाषेच्या सार्वजनिक कार्यालयाने २०२० मध्ये केलेली पाहणी त्यातल्या त्यात भरवशाची आहे. ती नूव्हेल-अ‍ॅक्विटेन आणि ऑक्सितानी या दोन फ्रेंच प्रदेशांत आणि स्पेनमधल्या आरान खोऱ्यात झाली. तिच्यानुसार सुमारे ७ टक्के, म्हणजे साधारण ५ लाख ४० हजार लोक ती बोलू शकतात. प्रोव्हाँस, ऑव्हेर्न आणि इटलीतली खोरी या मोजणीत नाहीत, तेव्हा हा आकडा संपूर्ण भाषेचा म्हणून वापरू नका.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो : बोलणाऱ्यांचं सरासरी वय ६६ वर्षं. युनेस्कोच्या भाषासूचीतही सहापैकी चार बोली ‘गंभीर धोक्यात’ आहेत, म्हणजे आजी-आजोबा बोलतात, आईबापांना कदाचित कळते, पण ते मुलांशी बोलत नाहीत. गास्कोन आणि व्हिव्हारो-आल्पाइन एक पायरी बऱ्या.

प्रश्न : एनसीसीतला ‘कॅडेट’ हा शब्द ऑक्सितान आहे, हे खरं का?

खरं. गास्कोन बोलीतला ‘काप्देत’ म्हणजे छोटा म्होरक्या. लॅटिन ‘कापुत’, म्हणजे डोकं, त्यापासून. गास्कोन घराण्यांतली धाकटी मुलं फ्रेंच सैन्यात अधिकारी म्हणून जात, तिथून शब्द फ्रेंचमध्ये शिरला, मग इंग्रजीत, मग आपल्याकडे. फ्रेंचमध्ये मधमाशीला ‘आबेय’ म्हणतात, तोही शब्द ऑक्सितानचाच.

प्रश्न : तुलूझच्या मेट्रोत फ्रेंचनंतर आणखी एका भाषेत स्थानकांची घोषणा ऐकली. ती ऑक्सितान असल्याचं कळलं. पण शहराचं नाव पाटीवर ‘तोलोसा’ लिहिलेलं आणि लोक ‘तुलुझॉ’ म्हणतात. असं का?

लिहिलेलं ‘तोलोसा’ आणि बोललेलं ‘तुलुझॉ’ यांच्यात काही चूक नाही. वाचनाचे नियम थोडेच आहेत आणि ते पक्के आहेत. लेंगदोसियान बोलीपुरते सांगतो.

साधं ‘ओ’ अक्षर म्हणजे ‘उ’. ‘ओ’वर डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ असेल तरच तो ‘ऑ’. ही रेघ विसरली की शब्दच बदलतो : रेघेविना ‘सुल’ म्हणजे एकटा, रेघेसह ‘सॉल’ म्हणजे जमीन. शब्दाच्या शेवटी आघात नसलेला ‘ए’ (इंग्रजीतलं पहिलं अक्षर) आला की त्याचा उच्चार ‘ऑ’. दोन स्वरांमधला एकेरी ‘एस’ म्हणजे ‘झ’. झालं, ‘तोलोसा’चं ‘तुलुझॉ’ झालं.

‘व्ही’ अक्षराचा उच्चार ‘ब’, म्हणून आयुष्य या अर्थाचा शब्द ‘बिदॉ’ ऐकू येतो. ‘यू’ म्हणजे फ्रेंचमधला ओठ गोल करून म्हटलेला ‘इ’. शेवटचा ‘आर’ क्रियापदाच्या मूळ रूपात मुका असतो : गाणे म्हणजे ‘कांता’. शेवटचा ‘एन’ही बऱ्याच शब्दांत मुका असतो. ‘छान चाललंय’ हे ऐकायला ‘बा प्ला’ येतं, लिहिताना दुसऱ्या शब्दाच्या शेवटी ‘एन’ असतो. ‘एन’ आणि ‘एच’ जोडून आले तर आपला ‘ञ’. ‘एल’ आणि ‘एच’ जोडून आले तर ‘ल्य’. पोर्तुगीजांनी या दोन जोड्या ऑक्सितानकडूनच उचलल्या.

आघात कुठे द्यायचा? शब्द स्वराने किंवा स्वरानंतरच्या ‘एस’ने संपत असेल तर शेवटून दुसऱ्या अवयवावर (म्हणजे उच्चारातल्या तुकड्यावर), इतर व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्यावर. याला अपवाद असेल तिथे रेघ लिहून दाखवतात. क्रियापदाचं ‘ते’चं रूप ‘एन’ने संपलं तरी आघात आधीच्या अवयवावरच राहतो.

नवशिके सगळ्यात जास्त चुकतात ते शेवटच्या ‘ए’ला. फ्रेंच येत असेल तर तो गिळला जातो, स्पॅनिश येत असेल तर ‘आ’ होतो. दोन्ही टाळा.

प्रश्न : मिस्त्राल या कवीचं ‘मिरेयो’ हे काव्य मूळ भाषेत वाचायला घेतलं. ऑक्सितान शब्दकोश जवळ आहे, पण त्यात निम्मे शब्द सापडतच नाहीत. शब्दकोश चुकीचा आहे का?

शब्दकोश बरोबर आहे, लेखनपद्धत वेगळी आहे. ऑक्सितान लिहायच्या दोन पद्धती चालू आहेत.

फ्रेदेरिक मिस्त्राल आणि सहा मित्रांनी २१ मे १८५४ रोजी फेलिब्रिज ही चळवळ सुरू केली. ‘मिरेयो’ १८५९ मध्ये आलं. १९०४ चं साहित्याचं नोबेल मिस्त्रालला स्पॅनिश नाटककार एचेगाराय यांच्यासोबत विभागून मिळालं. मिस्त्राल आणि फेलिब्रिजची लेखनपद्धत उच्चाराप्रमाणे, फ्रेंच वाचणाऱ्याला सोपी जाईल अशी, आणि ऱ्होन नदीकाठच्या बोलीवर बेतलेली. दुसरी ‘क्लासिक’ पद्धत ट्रूबादूरांच्या लेखनाकडे परत जाते. लुई आलिबेर यांच्या १९३५ च्या व्याकरणाने तिला आकार दिला आणि १९४५ मध्ये तुलूझला स्थापन झालेल्या ऑक्सितान अभ्यास संस्थेने ती पसरवली. आजचे बहुतेक शब्दकोश आणि शाळा हीच वापरतात. प्रोव्हाँसमध्ये मिस्त्रालची पद्धत अजून जोरात आहे.

मिस्त्रालचा शब्द क्लासिक कोशात शोधायचा तर पाच बदल करून पाहा. शेवटचा ‘ओ’ असेल तर ‘ए’ (पहिलं अक्षर) करा. ‘ओ-यू’ अशी जोडी असेल तर नुसता ‘ओ’ ठेवा. ‘जी-एन’ असेल तिथे ‘एन-एच’ लिहा. दोन स्वरांमध्ये एकटा ‘एच’ दिसला तर त्याआधी ‘एल’ घाला. क्रियापदाच्या मूळ रूपाला शेवटी ‘आर’ जोडा.

डोंगर हा शब्द घ्या. मिस्त्राल लिहितो : एम, ओ, यू, एन, टी, ए, जी, एन, ओ. पहिले तीन नियम लावले की होतं : एम, ओ, एन, टी, ए, एन, एच, ए. हा शब्द कोणत्याही आजच्या कोशात मिळेल. मुलगी या अर्थी त्याचा ‘फियो’ हा शब्द एफ, आय, एच, ओ असा आहे. ‘एल’ घालून आणि शेवट बदलून तो ‘फिल्यॉ’ म्हणून सापडतो. अनेकवचनाचा ‘एस’ मिस्त्राल बहुधा लिहितच नाही; वचन उपपदावरून (इंग्रजीतल्या ‘द’सारख्या शब्दावरून) ओळखावं लागतं.

उलट चूकही होते. मिस्त्रालचा स्वतःचा दोन खंडांचा मोठा कोश आजही सर्वांत श्रीमंत आहे, पण त्यात क्लासिक लेखनाने शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. त्याच्याकडे त्याच्याच लेखनाने जायचं.

प्रश्न : गास्कोन ऐकली तर ती वेगळीच भाषा वाटते. तिला ऑक्सितान का म्हणायचं? आणि स्पेनमध्ये ती अधिकृत कशी?

तुमचा कान बरोबर आहे. काही अभ्यासकही गास्कोनला स्वतंत्र मानतात. पिरेनीज पर्वत आणि गारोन नदीच्या मधल्या या टापूत रोमनांआधी बास्कच्या नात्यातली भाषा होती, आणि तिचे ठसे उच्चारांत राहिले असं मानलं जातं. त्या भाषेत ‘फ’ नव्हता, म्हणून इतरत्र ‘फिल्यॉ’ असलेली मुलगी इथे ‘हिल्यॉ’ होते आणि सणाची ‘फेस्तॉ’ ‘हेस्तॉ’ होते. शब्दारंभी ‘र’ जड जाई, म्हणून ‘रीउ’ म्हणजे ओढा इथे ‘आर्रीउ’. होकारार्थी वाक्यात क्रियापदाआधी ‘के’ लागतो : ‘के पार्ली’ म्हणजे ‘मी बोलतो’. हा ‘के’ काढला तर गास्कोन माणसाला वाक्य उघडं वाटतं. तरी शब्दसंपत्ती, क्रियापदांची चौकट आणि शतकानुशतकांचं सामायिक लेखन पाहता तिला ऑक्सितानच्या घरातली मानणंच मला पटतं.

आरान खोरं स्पेनमध्ये असलं तरी पिरेनीजच्या उत्तर उतारावर आहे. गारोन तिथे उगम पावते आणि फ्रान्सकडे वाहते, त्यामुळे जुना संबंध खाली गास्कोनीशी. स्पेनकडे जायला व्हियेल्याचा बोगदा १९४८ मध्ये झाला. तोवर हिवाळ्यात घाट बर्फाने बंद होत. १३१३ मध्ये अरागॉनच्या राजाने सनद देऊन खोऱ्याचे हक्क मान्य केले होते. १९९० च्या कायद्याने स्वतःचं शासन परत मिळालं. २००६ च्या कॅटलोनियाच्या स्वायत्तता कायद्याने ऑक्सितान संपूर्ण कॅटलोनियात अधिकृत झाली. खोऱ्याची वस्ती दहा हजारांच्या आसपास, पण शाळा, पाट्या, सरकारी कागद यांत ही भाषा आहे. एवढा अधिकृत दर्जा तिला दुसरीकडे कुठेही नाही.

प्रश्न : फ्रान्समध्ये ती शाळेत शिकवली जाते का? कायदा काय म्हणतो?

शिकवली जाते, पण जपून. १९५१ च्या देक्सोन कायद्याने ब्रेतॉन, बास्क, कॅटलान आणि ऑक्सितान यांना शाळेत ऐच्छिक जागा दिली. आता तीन प्रकार आहेत. पहिला, आठवड्याला थोडे तास विषय म्हणून. दुसरा, सरकारी द्विभाषिक वर्ग, ज्यात निम्मं शिक्षण ऑक्सितानमध्ये होतं. तिसरा, ‘कालांद्रेता’ शाळा. कालांद्रेता म्हणजे छोटा चंडोल. पहिली शाळा १९७९ च्या सुमारास पो शहरात निघाली. तिथे लहान मुलांना सगळं ऑक्सितानमधूनच सांगतात आणि फ्रेंच पुढे आणतात.

अडचण राज्यघटनेची आहे. १९९२ मध्ये कलम २ मध्ये ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे वाक्य घातलं गेलं. युरोपच्या प्रादेशिक भाषा सनदेवर फ्रान्सने १९९९ मध्ये सही केली, पण घटना परिषदेने (कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या संस्थेने) हरकत घेतल्यावर तिला मंजुरी मिळालीच नाही. २००८ मध्ये कलम ७५-१ आलं : प्रादेशिक भाषा फ्रान्सचा वारसा आहेत. वारसा म्हटलं, पण नागरिकाला त्यातून कोणताही हक्क मिळत नाही. प्रादेशिक भाषांसाठीच्या २०२१ च्या मोलाक कायद्यातून त्याच घटना परिषदेने दोन गोष्टी काढून टाकल्या : सरकारी शिक्षणातली पूर्ण माध्यमाची पद्धत आणि नावांमधल्या प्रादेशिक चिन्हांना परवानगी. दुसरी गोष्ट किरकोळ वाटेल. पण मुलाचं नाव ऑक्सितान पद्धतीने ‘आंतॉनी’ ठेवलं, तर ‘ओ’वरची रेघ जन्मनोंदीत येत नाही, कारण ते अक्षर मान्य यादीत नाही.

इटलीत पिएमॉन्टच्या डोंगरी खोऱ्यांना १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याचं संरक्षण आहे. दूर दक्षिणेला कालाब्रियातल्या ग्वार्दिया पिएमोन्तेझे गावातही ही भाषा आहे. आल्प्समधून गेलेल्या वाल्डेन्सियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ती तिकडे नेली.

प्रश्न : मला शिकायची आहे. सुरुवात कुठून करू? आणि टाइप कशी करायची?

आधी एक बोली निवडा, आणि निदान एक वर्ष तीच धरा. खास कारण नसेल तर लेंगदोसियान घ्या : ती मधली, जुन्या रूपांच्या जवळची, आणि तिच्यात साहित्य भरपूर. मिस्त्राल वाचायचा असेल तर प्रोव्हांसाल, आरानला जायचं असेल तर गास्कोन. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. धडे एका बोलीचे, गाणी दुसरीची, कोश तिसरीचा. मग तोंडातून निघतं ते कुणाचंच नसतं. ‘ऑक्सितान भाषेची स्थायी काँग्रेस’ या संस्थेच्या ऑनलाइन कोशात शब्द टाकण्याआधी बोली निवडायची सोय आहे, ती नेहमी वापरा.

पहिले आठ-दहा दिवस फक्त वर दिलेले वाचनाचे नियम घ्या आणि मोठ्याने वाचा. मग ‘पार्ला’सारखी क्रियापदं, बहुसंख्य क्रियापदं याच गटातली आहेत. ऐकण्यासाठी ‘रादिओ पाईस’ (गास्कोन) किंवा तुलूझचं ‘रादिओ ऑक्सितानिया’, वाचण्यासाठी २०१२ पासून चालू असलेलं ‘जोर्नालेत’ हे ऑनलाइन वृत्तपत्र. फ्रेंच येत असेल तर अर्थाचा अंदाज पटकन लागतो, आणि तोच पुढे नडतो. ‘आदिउ’ ऐकून फ्रेंचप्रमाणे कायमचा निरोप समजू नका. ओळखीच्या माणसाला भेटतानाही ‘आदिउ’ म्हणतात आणि निघतानाही. वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला ‘आदिसियात्स’.

ट्रूबादूर वाचायचे असतील तर जुनी ऑक्सितान वेगळी शिकावी लागेल. तिथे नामाला कर्त्याचं आणि इतर असं वेगळं रूप असतं. शेवटी ‘एस’ दिसला की आपण अनेकवचन समजतो, पण जुन्या भाषेत कर्ता असलेल्या बहुतेक पुल्लिंगी नामांना एकवचनात ‘एस’ लागतो आणि अनेकवचनात लागत नाही. स्वाराला आपण स्वारांची टोळी करून टाकतो ते असंच.

टाइप करण्यासाठी फ्रेंच कीबोर्ड सोयीचा नाही. रेघ असलेला ‘ओ’ त्यावर थेट मिळत नाही. संगणकावर स्पेनची स्पॅनिश मांडणी निवडा. दोन्ही दिशांच्या रेघा आणि शेपटीचा ‘सी’ तिच्यात आहेत. फोनवर स्वराची कळ दाबून धरली की रेघा येतात. गास्कोनसाठी आणखी एक चिन्ह लागतं : अक्षरांच्या मधोमध बसणारा बिंदू. ‘एस’ आणि ‘एच’ नुसते जोडले तर उच्चार ‘श’. मध्ये बिंदू दिला तर ‘स’ आणि ‘ह’ सुटे, जसं ‘देस्हा’, म्हणजे उलगडणे. तिथे साधा पूर्णविराम टाकला तर कोशाला शब्द ओळखता येत नाही. स्पॅनिश मांडणीत शिफ्ट आणि ३ दाबलं की हा बिंदू येतो.